थोरली आणि धाकटी : बडोद्यातील एका बोआ मादीच्या अनपेक्षित वेताचे प्रकरण

एप्रिल २०२५ मध्ये बडोद्यातील एका मराठी कुटुंबाने मला घरी बोलावले. त्यांनी पाळलेली, बोआ या अजगरासारख्या दिसणाऱ्या सापाची मोठी मादी तीन महिन्यांपासून काहीच खात नव्हती. तपासणीअंती ती गाभण असल्याचे निघाले आणि जूनच्या अखेरीस ती व्याली. बोआची पैदास करण्याचा या कुटुंबाचा कोणताही विचार नव्हता, किंबहुना आपल्या घरात नर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. जाणीवपूर्वक केलेल्या पैदाशीची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात; न ठरवता झालेल्या पैदाशीत कोणकोणत्या गोष्टी आधीच हातून निसटलेल्या असतात, ते या प्रकरणातून अधिक स्पष्ट दिसते, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहीत असलो तरी नावे घेतलेली नाहीत. सापांना मात्र घरात जी नावे होती तीच ठेवली आहेत, कारण या प्रकरणातील मूळ घोटाळा त्या नावांतच होता. मोठीला ‘थोरली’ म्हणत आणि लहान असलेलीला ‘धाकटी’.

दोन्ही साप २०१७ मध्ये पिल्ले असतानाच घेतलेले होते. विकणाऱ्याने दोन्ही माद्या असल्याचे सांगितले होते आणि त्यावर कोणी शंका घेतली नव्हती. जात बोआ इंपरेटर, म्हणजे मध्य अमेरिका आणि कोलंबियाकडची. पूर्वी हिला बोआ कन्स्ट्रिक्टरचीच उपजात मानत, आता बहुतेक अभ्यासक ती स्वतंत्र जात मानतात. घरच्या मुलाने (वय साधारण बत्तीस, एका रसायन कारखान्यात पाळीची नोकरी) पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. तिच्यात खाणे, कात टाकणे, वजन आणि विष्ठा यांच्या तारखा होत्या. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी जातींचे पाळीव प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती, त्या मुदतीत त्याने दोन्ही साप जाहीरही केले होते. एवढा शिस्तीचा पालक मला क्वचितच भेटतो. तरीही आठ वर्षांत एकदाही सापांची लिंगतपासणी झालेली नव्हती. बोआमध्ये नर लहान राहतो आणि मादी मोठी होते, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण आपल्याच घरातला लहान साप हा लहान नसून नर आहे, असे मनात येत नाही. थोरली सव्वादोन मीटर लांब आणि सव्वासात किलोची होती, धाकटी जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटरची. ‘धाकटी खायला जरा नाजूक आहे,’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण घरात होते.

दोघींच्या पेट्या तळमजल्यावर, वेगवेगळ्या होत्या. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. या कुटुंबाच्या तळमजल्यावर मांडीएवढे पाणी चढले. गल्ल्यांतून मगरी फिरताना दिसत असल्याने बाहेर पाऊल टाकण्याची कोणाची छाती नव्हती. त्या गोंधळात दोन्ही साप वरच्या मजल्यावर नेऊन एकाच जुन्या, मोठ्या पेटीत ठेवण्यात आले. पाणी ओसरल्यावर खालच्या प्लायवुडच्या पेट्या फुगून निकामी झालेल्या आढळल्या. नव्या पेट्या करून घ्यायच्या होत्या; पण आधी भिंती, वायरिंग, फ्रीज आणि गादी यांची पाळी लागली, मग दिवाळी आली, मग सुताराला वेळ नव्हता. दोघी ‘बहिणी’ एकत्र राहत होत्या, भांडत नव्हत्या, म्हणून ते काम मागे पडत गेले. सापांना वेगळे ठेवण्याची मुख्य कारणे म्हणजे खाण्याच्या वेळची झटापट आणि रोगाचा फैलाव. खाऊ घालताना धाकटीला टबात काढून घेत असल्यामुळे पहिल्या कारणाची काळजी मिटल्यासारखी वाटत होती.

एका पेटीला एकच सिरॅमिक हीटर. बडोद्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. वरच्या मजल्यावरची ती खोली दोन बाजूंनी उघडी असल्याने पेटीतला थंड कोपरा रात्री वीस अंशांवर जाई, आणि दिवसा खिडकीतून ऊन आले की तापमान पुन्हा वर चढे. परदेशातले पैदास करणारे लोक मुद्दाम थर्मोस्टॅट उतरवून, दिवसाचा उजेड कमी करून जो ‘हिवाळा’ तयार करतात, तो येथे फुकटात आणि नकळत तयार झाला होता. रात्रीचे तापमान उतरणे आणि दिवस लहान होणे यांनीच बोआ समागमाला प्रवृत्त होतात. या काळात नर बहुधा खाणे सोडतो. धाकटीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही खाल्ले नव्हते. वहीत त्यापुढे ‘थंडी’ एवढाच शेरा होता.

मी रविवारी, २० एप्रिलला गेलो. फोनवर मला उपास, पोटात गाठी आणि सुस्तपणा एवढेच सांगितले गेले होते. दुसऱ्या शहरातल्या एका परिचिताने फोनवरूनच बद्धकोष्ठाचे निदान करून जंतांचे औषध आणि कोमट पाण्याचे शेक सुचवले होते. औषध आणून ठेवलेले होते, पण सुदैवाने दिलेले नव्हते. शेक मात्र रोज चालू होते. शिवाय, ‘खात नाही म्हणजे पचन मंदावले, म्हणजे ऊब कमी पडते’ या तर्काने मार्चच्या मध्यापासून हीटरखालची जागा छत्तीस अंशांवर नेऊन ठेवली होती. मी पोहोचलो तेव्हा बळजबरीने भरवण्यासाठी कापलेला उंदीर बशीत तयार होता आणि पालकाची आई दारात उभी राहून म्हणत होती, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा त्याला, तोंड उघडून कोंबायचं म्हणतोय.’

थोरली हीटरखाली पडून होती. शरीराचा मागचा तिसरा हिस्सा तिने उलटा केला होता, म्हणजे पोटाचे पांढुरके खवले वर, उष्णतेकडे. हे दृश्य मी त्याआधी दोनदाच पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच निघाला होता. तरी निदानाला तेवढ्यावर टेकणे योग्य नव्हते. मी तळहाताखाली तिचे शरीर हलकेच सरकू दिले. मधल्या भागापासून मागे मऊ, साधारण सारख्या अंतरावरचे उंचवटे लागले. बोटांनी दाबून चाचपणे मी टाळले, कारण गाभण साप दाबून पाहिल्याने गर्भाला इजा होऊ शकते. तिच्या तोंडात लाली नव्हती, श्वासाला आवाज नव्हता. वजन भरले सात किलो चारशे ग्रॅम. शेवटचे खाणे ११ जानेवारीचे आणि डिसेंबरमधले वजन सात किलो तीनशे. उपाशी बोआचे वजन तसेही फार सावकाश उतरते, म्हणून नुसत्या वजनावरून काही ठरवणे धाडसाचे झाले असते. पण शंभर दिवसांच्या उपासानंतर ते किंचित का होईना वाढले होते.

मग मी वही मागितली, आणि खरे निदान तिथे झाले. २१ डिसेंबर आणि ९ जानेवारी या दोन नोंदींत पालकाने लिहिले होते, ‘दोघी शेपट्या एकमेकींत गुंडाळून बसल्या. थंडी.’ १८ फेब्रुवारीला, ‘थोरलीचं मधलं अंग फुगलंय, काही गिळल्यासारखं. खाल्लेलं नाही.’ १९ ला, ‘फुगा उतरला.’ आणि ९ मार्चला, ‘थोरलीने कात टाकली, एकसंध.’ बोआची ज्याला माहिती आहे त्याला या चार ओळींत संपूर्ण घटनाक्रम दिसतो. अंडी बीजकोशातून सुटतात तेव्हा मादीचे मधले अंग एखादा दिवस ठळकपणे फुगते. त्यानंतर सुमारे अडीच-तीन आठवड्यांनी ती जी कात टाकते, तिच्यापासून पैदास करणारे दिवस मोजतात. त्या कातीपासून पिल्ले साधारण शंभर ते एकशे वीस दिवसांत येतात. ९ मार्चपासून एकशेपाच दिवस म्हणजे २२ जून.

मी पालकाला विचारले, ‘धाकटी मादी आहे हे कोणी पाहिलं?’ तो काही बोलला नाही. आईंनी उत्तर दिले, ‘म्हणजे काय? ही तर दोघी बायकाच ना?’

ज्याला दोन माद्या असल्याची खात्री आहे, त्याच्यापुढे एक पर्याय असाही असतो की मादी नराशिवायच गाभण राहिली. ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेतील एका बोआ मादीने नराच्या वाट्याशिवाय दोन वेतांत मिळून २२ पिल्ले दिल्याचे जनुकीय तपासणीतून २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ती सर्व पिल्ले माद्याच होती. पण असे प्रसंग दुर्मीळ असतात आणि आपल्यापुढे नर उभा असताना दुर्मीळ कारण शोधू नये. धाकटीच्या शेपटीच्या मुळाशी, मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना, नख्या होत्या. बोआच्या पूर्वजांना असलेल्या मागच्या पायांचे हे अवशेष माद्यांतही असतात, पण तेथे ते बारीक आणि अर्धे दडलेले असतात. धाकटीच्या नख्या जाड, वाकड्या आणि चांगल्या बाहेर आलेल्या होत्या. खात्रीसाठी वंगण लावलेली गुळगुळीत, बोथट सळई द्वारातून शेपटीच्या दिशेने हलकेच सरकवली, तेव्हा ती शेपटीखालच्या दहा खवल्यांएवढी सहज आत गेली. मादीत ती तीन-चार खवल्यांवर अडते. थोरलीला सळई लावण्याचा प्रश्नच नव्हता. धाकटी नर होती. त्या क्षणी पालकाचा चेहरा पडला तो चूक झाल्यामुळे असे मला वाटले होते. नंतर त्याने सांगितले की त्याला आधी सरकारी नोंदणीच आठवली, कारण तिथेही दोन्ही ठिकाणी ‘मादी’ असेच लिहिलेले होते.

त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, सोनोग्राफी केली. कोमट पाणी भरलेल्या टबातच ती करता येते, त्यामुळे सापाला फार हाताळावे लागत नाही. निदान बारा ठिकाणी हृदयाची हालचाल दिसली. सापाच्या पोटातली पिल्ले सोनोग्राफीत नेमकी मोजता येत नाहीत, म्हणून पालकाला मी आकडा सांगितला नाही, ‘दहाच्या वर’ एवढेच सांगितले. त्याने ‘अंडी किती?’ असे विचारले होते. मराठी वाचकालाही हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण अजगर अंडी घालतो आणि बोआ दिसायला अजगरासारखाच. पण बोआ पिल्ले देतो. आपल्याकडची घोणस आणि बोआचा दूरचा भाऊबंद असलेले मांडूळ हेही पिल्लेच देतात.

यापुढच्या दोन महिन्यांत करायचे होते ते मुख्यतः तापमानाचे काम होते. शेक बंद, भरवणे बंद, धाकट्याची (आता ‘धाकटा’ म्हणायला हवे) दुसऱ्या खोलीत रवानगी, आणि हीटरखालची जागा छत्तीसवरून बत्तीसवर. थंड कोपरा सत्तावीस, रात्री पंचविसाच्या खाली नाही, आर्द्रता साठ ते सत्तर टक्के. गाभण बोआ मादी तासन्‌तास उष्णतेखाली पडून राहते, हे पाहून पालकाला वाटते की तिला आणखी ऊब हवी. प्रत्यक्षात तिला हवी असते निवड. ती गरम जागेवर जाते, पुरे झाले की बाजूला सरकते, आणि दिवसभर असे करत गर्भाला हवे ते तापमान स्वतः सांभाळते. पेटीचा एकही कोपरा थंड उरला नाही, तर तिच्या हातात काहीच राहत नाही. मार्चच्या मध्यापासून मी जाईपर्यंतच्या पाच आठवड्यांत, म्हणजे गर्भाची घडण नुकतीच सुरू झालेली असताना, थोरलीची स्थिती नेमकी अशी होती. या काळातल्या जास्त उष्णतेमुळे पिल्लांच्या कण्यात वाकडेपणा येतो आणि मृत पिल्लांचे प्रमाण वाढते, हे बोआ पाळणाऱ्यांच्या अनुभवाचे बोल आहेत.

मे महिन्यात प्रश्न उलटा झाला. बडोद्यात मेमध्ये बेचाळीस अंश ही बातमी नसते. वरच्या मजल्यावरची खोली दुपारी सदतीस-अडतीसवर जाई, म्हणजे हीटर बंद असतानाही पेटीतली सर्वांत थंड जागा बोआला सोसेल त्याहून गरम. या जातीच्या पुस्तकी सूचना थंड देशांत लिहिलेल्या असतात. त्यांत ऊब कशी द्यावी याची पाने भरलेली असतात आणि ती कशी काढून घ्यावी याबद्दल जवळपास काही नसते. आम्ही पेटी खाली, आतल्या खोलीत आणली. डेझर्ट कूलर लावला, त्याने आर्द्रतेचेही काम झाले.

१३ मे रोजी दुपारी दोन ते पावणेसहा वीज नव्हती. पालक कारखान्यात पाळीवर होता. त्याने पेटीत बसवलेल्या यंत्राची नोंद पाहिली तेव्हा साडेतीनला ३७.४ अंश दिसले. त्याने फोनवरून आईला सांगितले आणि आईंनी, ज्यांनी आठ वर्षांत त्या सापांना बोट लावले नव्हते, पेटीचे दार उघडले. मी साडेचारला पोहोचलो तेव्हा थोरली न्हाणीघरातल्या कोटा फरशीवर सैल वेटोळे घालून होती. तिच्यावर पाण्यात पिळलेला पंचा होता आणि आई दाराबाहेर स्टुलावर बसून दर पाच-दहा मिनिटांनी तांब्याने पंचावर पाणी सोडत होत्या. बर्फ लावण्याचा मोह त्यांनी आवरला होता, आणि ते बरोबरच होते. उष्णता हळूहळूच उतरवावी लागते. ‘आत कशी नेलीत?’ असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘बादली आडवी ठेवली पेटीच्या तोंडाशी. गार बघून गेली आपली आपण.’ मोठा साप हलवण्याची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरची जोडणी कूलरला दिली गेली.

२५ जूनला, म्हणजे कातीपासून एकशेआठव्या दिवशी, पहाटे चार चाळीसला फोन आला. मी पोहोचेपर्यंत वेत जवळजवळ पुरे झाले होते. पेटीत एक ओला, गोडसर, किंचित उग्र वास होता. कागदावर पारदर्शक पडद्यांचे ढिगारे होते आणि त्यांतून बोटाएवढी जाड, चकचकीत पिल्ले डोके काढत होती. काहींच्या पोटाला नाळेने बलकाचा शेवटचा अंश अजून जोडलेला होता. पालक ती नाळ कापू पाहत होता, त्याला मी थांबवले. ओल्या टिश्यूवर ठेवले की ती आपोआप सुकून गळते, ओढली तर पोट फाटते. एक पिल्लू पडद्यातच तोंड उघडून मिटत होते. त्याचा पडदा नखाने टोकरून मोकळा केला आणि पहिला श्वास आत गेला तसे त्याचे सारे अंग ताणले गेले. हातात धरल्यावर त्याने माझ्या अंगठ्याला चावा घेतला. जन्माला येऊन एक मिनिटही झाले नव्हते.

मोजदाद अशी झाली : जिवंत पिल्ले चौदा, पूर्ण वाढलेली पण मृत चार, आणि फलित न झालेली पाच अंडी, ज्यांना पाळणारे ‘स्लग’ म्हणतात. ही अंडी पिवळट, मेणचट, लहान लिंबाएवढी असतात आणि पिल्लांबरोबरच बाहेर येतात. ती आत राहून गेली तर मादीला जंतुसंसर्ग होतो, त्यामुळे तिला पुन्हा तपासून काही उरले नसल्याची खात्री केली. पिल्ले अठ्ठेचाळीस ते सहासष्ट ग्रॅमची, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. एकाचा कणा शेपटीच्या वर दोन ठिकाणी वाकडा होता. ते तिसऱ्या दिवशी गेले. तेरा उरली.

चार मृत आणि एका वाकड्या पिल्लाचे कारण काय, यावर पालकाला माझ्याकडून निश्चित उत्तर हवे होते. त्याला ते १३ मेच्या दुपारी सापडावे असे वाटत होते, कारण वीज जाणे हा त्याचा दोष नव्हता. मला तसे म्हणता येत नाही. मृत पिल्लांची वाढ पूर्ण झालेली होती, म्हणजे मे महिन्याच्या त्या दुपारनंतरही ती कित्येक आठवडे जगली होती. वाकडा कणा तर गर्भ घडण्याच्या सुरुवातीच्या काळातला, म्हणजे मार्च-एप्रिलमधल्या छत्तीस अंशांचा, असण्याची शक्यता अधिक. आणि हे थोरलीचे पहिलेच वेत होते. पहिल्या वेतात काही अंडी फलित न होणे आणि काही पिल्ले मृत येणे हे सर्व काळजी घेऊनही घडते. मी त्याला एवढेच सांगितले की पाच आठवड्यांची ती जादा ऊब नसती तर आकडे कदाचित बरे आले असते, आणि ‘कदाचित’ हा शब्द मी टाळत नाही.

थोरलीचे वजन वेतानंतर पाच किलो सातशे भरले. तिची कातडी कुशीवर सैल लोंबत होती. नवव्या दिवशी तिला एक लहान उंदीर दिला, नेहमीच्या आकाराच्या निम्मा, आणि तो तिने लगेच घेतला. पहिल्या खाण्याला मोठे भक्ष्य देण्याची घाई केली तर ती ते उलटून टाकण्याचा धोका असतो. दर वर्षी वेत घेतल्यास मादी खंगते, म्हणून पैदास करणारे जाणकार निदान एक वर्ष मधे सोडतात. येथे पुढच्या वेताचा विचारच नव्हता, पण एक सावधगिरी सांगणे भाग होते : बोआ मादी नराचे बीज काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे धाकटा वेगळ्या खोलीत आहे म्हणून पुढचा हिवाळा निर्धास्त घालवता येणार नाही.

पिल्लांनी आठव्या ते तेराव्या दिवसांत पहिली कात टाकली, त्यानंतरच त्यांना खाणे द्यायचे असते. प्रत्येक पिल्लू वेगळ्या डब्यात, ओल्या टिश्यूवर, पाण्याच्या लहान वाटीसह. गोठवून वितळवलेले, अंगावर लव आलेले पांढऱ्या उंदराचे पिल्लू चिमट्याने समोर धरले की बहुतेकांनी झेप घेतली. दुसऱ्या फेरीअखेर अकरा खात होती. दोन अडून बसली. त्यांपैकी एकाला भक्ष्यासह कागदी पिशवीत रात्रभर अंधारात ठेवल्यावर सकाळी पिशवीत फक्त साप होता. दुसऱ्याने पाचव्या आठवड्यात, कोणतीही युक्ती न करता, स्वतःहून खाल्ले. उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्यावरून पूर्वीपासून तंटा होता (आईंच्या शब्दांत, ‘माझ्या श्रीखंडाशेजारी त्याचे उंदीर’), तो आता तेरा तोंडांमुळे मिटला : एक लहान डीप फ्रीझर वेगळा आला.

मोठ्या बोआची पैदास होते तेव्हा एका रोगाचा विचार न करता पिल्ले कोणाला देणे मला अक्षम्य वाटते. इन्क्लूजन बॉडी डिसीज नावाचा हा रोग रेप्टअरेनाव्हायरस गटातील विषाणूंमुळे होतो, हे २०१२ नंतरच्या संशोधनातून समोर आले. बोआमध्ये तो वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि मादीकडून पिल्लांत जातो. दोन्ही मोठ्या सापांचे रक्त घेऊन काचपट्टीवर रक्तपेशी पाहिल्या, त्यांत संशयास्पद कण दिसले नाहीत. काचपट्टी स्वच्छ निघणे ही रोग नसल्याची हमी नव्हे, म्हणून सहा महिने एकही पिल्लू घराबाहेर जाणार नाही असे ठरले.

राहिला कागदाचा भाग. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यामुळे वन्य प्राणी-वनस्पतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे सायटीसच्या, परिशिष्टांतील जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बोआ परिशिष्ट दोनमध्ये असतो (आर्जेंटिनाकडची एक उपजात तेवढी परिशिष्ट एकमध्ये आहे, आणि तिची पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो). असा प्राणी जवळ असणे, त्याला पिल्ले होणे, तो दुसऱ्याकडे जाणे आणि तो मरणे, या सर्वांची नोंद करावी लागते. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. पालकाने तेरा जन्मांची नोंद केली, आणि धाकट्याच्या लिंगाची दुरुस्ती करण्यासाठी माझे लेखी प्रमाणपत्र जोडले. मृत पिल्लांचे छायाचित्र आणि नोंद मी माझ्याकडेही ठेवली आहे. अशी कागदपत्रे कंटाळवाणी वाटतात, पण तेरा सापांचा जन्म कुठेही लिहिलेला नसेल, तर वर्षभराने त्यांतला एखादा सापडल्यावर तो कुठून आला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला अगदी सोपा होता. ‘नदीत सोडून द्या, तिथे मगरी आहेतच.’ तो गमतीत दिलेला नव्हता. कॅरिबियन समुद्रातील अरुबा बेटावर १९९९ मध्ये पहिल्यांदा सापडलेला बोआ आज तेथे कायमचा वस्तीला आहे. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१ मध्ये सोडलेल्या काही बोआंनी तेथील मूळ पक्षी आणि लहान प्राण्यांवर जो ताण आणला तो अजून संपलेला नाही. दोन्ही ठिकाणी सुरुवात मोजक्याच सापांपासून झाली होती. मी पालकाला हे सांगितले तेव्हा त्याने ऐकून घेतले. शेजाऱ्यांना सांगण्याचे काम आईंनी अंगावर घेतले आणि मला वाटते ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगले केले.

तेरा पिल्लांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र माझ्या हातातला नव्हता. त्यांच्यातली प्रत्येक मादी थोरलीएवढी होऊ शकते आणि नीट सांभाळलेला बोआ वीस वर्षे सहज जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला होता. पालकाने एक संध्याकाळ घालवून हिशोब मांडला. दर आठवड्याचे उंदीर, पेट्या, वीज, आणि स्वतःचे वय. आकडा त्याने मला दाखवला नाही. डिसेंबरअखेर सहा महिने पूर्ण झाल्यावर चार पिल्ले, लिंगतपासणी करून आणि रीतसर नोंदणी बदलून, आधीपासून बोआ पाळत असलेल्या दोन कुटुंबांकडे गेली. त्या दोन्ही घरांत मी स्वतः जाऊन पेट्या पाहिल्या. एकाने नर-मादी जोडी मागितली होती, त्याला दोन नर मिळाले. उरलेली नऊ अजून येथेच आहेत.

गेल्या भेटीत थोरलीचे वजन सहा किलो नऊशे होते. रात्री पेटीचा थंड कोपरा चोवीस अंशांच्या खाली जाऊ नये असा थर्मोस्टॅट आता तिला आहे, आणि धाकटा जिन्याखालच्या नव्या पेटीत आहे. तिला दोन कड्या आहेत. वही पुढे चालूच आहे. पहिल्या पानावर ‘थोरली, धाकटी : दोन्ही माद्या, २०१७’ अशी ओळ होती, तिच्यातल्या ‘दोन्ही माद्या’वर लाल शाईची रेघ आहे, आणि ‘धाकटी’च्या वेलांटीवरही. शेजारी, वेगळ्या अक्षरात, काना दिलेला आहे. ते अक्षर आईंचे.